गेटवरची गोणी

बी-७०४ : काका, सकाळचा मुलं पळवणाऱ्या टोळीचा मेसेज डिलीट करा, प्लीज. साडेदहाला भंगारवाल्याला गेटवर अडवलं. चौघांनी त्याची गोणी फरशीवर रिकामी केली. रद्दी, दुधाच्या पिशव्या आणि लहान मुलाच्या तीनचाकीचं एक चाक. “हे कुठून आणलंस?” म्हणून कॉलर धरली. ती सायकल माझ्या मुलाची. रविवारी मीच दिली होती. नऊ वर्षं येतोय तो आपल्याकडे!

सी-२०२ : अगं, मला आला तसा पुढे पाठवला. सावध राहिलेलं बरं.

बी-७०४ : १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. भिक्षा मागणाऱ्या पाच डवरी गोसाव्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. तिथेही अशाच टोळीची अफवा होती.

सेक्रेटरी : मॅडम, ग्रुपवर राजकारण नको.

बी-७०४ : राजकारण त्या मेसेजमध्येच आहे. शेवटची ओळ वाचा, ‘हे सगळं बाहेरून आलेल्यांमुळे, मत देताना लक्षात ठेवा.’ २०२० साली करोनाचं खापर तबलिगींवर फुटलं, तेव्हा आपण फळवाल्याला नाव विचारून आत सोडत होतो. ऑगस्टमध्ये औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले, त्यांना बळीचा बकरा केलं गेल्याची शक्यता दिसते असं म्हटलं. तो निकाल इथे कुणीच टाकला नाही. मीही नाही.

आणि पाण्याचं आठवतंय? मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली, त्यानंतर तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासक. वॉर्डात जाब विचारायला नगरसेवकच नव्हता. निवडणूक का होत नाही, हे आपल्यापैकी एकानेही विचारलं नाही. मागच्या वस्तीतले पाणी चोरतात, यावर मात्र रात्री दोनपर्यंत मेसेज चालले होते. शेवटी प्लंबरने आपल्याच टाकीचा बॉलकॉक बदलला. वस्तीतल्या कुणाची माफी मागितली आपण? मत द्यायला जाताना डोक्यात हेच सगळं असतं हो. ज्याला जाब विचारायचा तो सुटतो आणि मार खातो गोणीवाला.

ए-१०३ : कॉलर मी धरली होती. घरी दोन लहान मुलं आहेत, मेसेज वाचून डोकं फिरलं. त्याचा नंबर आहे का?

बी-७०४ : आहे. पाठवते. दुपारपासून फोन उचलत नाहीये तो.

सी-२०२ : हा मेसेज डिलीट केला गेला आहे.

सी-२०२ : गावच्या ग्रुपवरून आला होता. तिकडेही आत्ता लिहितो.