आकाशनिरीक्षण शिकायचंय, पण साधनांच्या गर्दीतच अडकलोय

सांजवात

नमस्कार मंडळी,

वय पन्नाशीच्या पुढे, दिवसभर हिशेबाचं काम. कॉलेजात असताना आकाशाचं वेड होतं, ते आता पुन्हा उफाळून आलंय. दुर्बीण नाही, इतक्यात घ्यायचीही नाही. एक साधी द्विनेत्री आहे.

अडचण अशी की साहित्य कमी नाही, उलट उतू चाललंय. यूट्यूबवर 'नंतर पाहू'चा ढीग साचलाय. कोर्सेरावर खगोलशास्त्राला नाव घातलंय, पण दुसऱ्या आठवड्याच्या पुढे गाडी सरकत नाही. बुकमार्कांच्या फोल्डरात उपफोल्डरं झाली आहेत. व्हिडिओ बघताना सगळं समजतं हो! दुसऱ्या दिवशी मुलीला सांगायला जावं तर 'ताऱ्याचा रंग तापमानावर असतो' इथेच गाडी थांबते.

तर विचारायचं होतं की नोंदी कशात ठेवता? अभ्यासक्रम पुरा करायलाच हवा का? आणि एकट्याने, कुणी शिकवणारं नसताना, या वयात हे जमतं का? परीक्षा द्यायची नाही, प्रमाणपत्र नको. फक्त यायला हवं.

---

पानगळ

बघताना समजतं आणि सांगताना आठवत नाही, हे तुमच्या वयाचं दुखणं नाही. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा 2006 चा प्रयोग आहे. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून तो आठवून लिहायचा प्रयत्न केला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. तुमचं 'समजतं' हे त्या पाच मिनिटांतलं आहे.

माझा उपाय म्हणजे अंकी (Anki) हे प्रश्नोत्तरांच्या कार्डांचं ॲप. आयफोन सोडला तर फुकट. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. आठवलं तर कार्ड लांबच्या तारखेला येतं, नाही आठवलं तर लगेच परत. एकच पथ्य: दुसऱ्याने बनवलेले तयार गठ्ठे उतरवून घेऊ नका. कार्ड स्वतः लिहिण्यातच निम्मं पाठ होतं.

---

ध्रुवमत्स्य

सांजवात, त्या फोल्डरला हात लावू नका. पुसू नका, लावतही बसू नका. पडू दे तिथेच. तुम्हाला आणखी साधन नकोय, काम हवंय.

मी रूपविकारी तारे बघते, म्हणजे ज्यांचं तेज कमीजास्त होतं ते. विज्ञान शाखेचं तोंड पाहिलेलं नाही, त्यामुळे 'आमचा पाया कच्चा' हे मला सांगू नका.

तुमच्यासाठी ययाती तारकासमूहातला अल्गॉल हा तारा. त्याला द्विनेत्रीसुद्धा लागत नाही. एरवी 2.1 प्रतीचा. दर 2 दिवस 20 तास 49 मिनिटांनी त्याचा मंद जोडीदार त्याच्यापुढून जातो, तेज 3.4 प्रतीपर्यंत उतरतं आणि साधारण दहा तासांत सगळं मूळपदावर येतं. (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप. आकडा वाढला की तारा मंद. उलटं आहे, पण सवय होते.)

काम असं. एएव्हीएसओ ही रूपविकारी तारे बघणाऱ्यांची 1911 पासून चालत आलेली संघटना. मूळची अमेरिकन, आता नोंदी जगभरातून येतात. तिच्या संकेतस्थळावर ताऱ्याचं नाव टाकलं की त्या भागाचा नकाशा मिळतो. त्यात तुलनेच्या ताऱ्यांशेजारी आकडे असतात. 29 लिहिलंय म्हणजे 2.9. दशांश चिन्ह मुद्दाम गाळलेलं असतं, नाहीतर तो ठिपकाही तारा समजून माणूस आकाशात शोधत बसेल. आता वर बघायचं. अल्गॉल या 2.1 वाल्यापेक्षा मंद आहे, त्या 2.9 वाल्यापेक्षा ठळक आहे, मग दोघांच्या मधे कुठे? पहिल्याच्या जरा जवळ? 2.4 म्हणू. तो आकडा, वेळ, तुलनेचे दोन्ही तारे, नकाशाचा क्रमांक एवढं लिहिलं की नोंद झाली. जवळच ऱ्हो पर्सी नावाचा तारा दिसेल, तो तुलनेला घ्यायचा नाही. तो स्वतःच बदलतो.

नोंद संकेतस्थळावर चढवली की त्याच ताऱ्याचा आलेख काढून बघा. इतरांचे ठिपके, आणि त्यात तुमचा एक. तो गर्दीत बसला तर छानच. पण लांब पडला की खरी मजा येते. पातळ ढग होते का? तारा क्षितिजाजवळ होता आणि तुलनेचा तारा वर होता, म्हणून हवेच्या जाड थराने त्याचं तेज खाल्लं? की तुलनेचा ताराच भलता धरला? हे शोधायला तुम्ही जो व्हिडिओ उघडाल तो अर्ध्यावर सोडणार नाही, कारण तुम्हाला त्यातून काहीतरी हवं असेल. आज तुम्ही व्हिडिओला काहीच विचारत नाही. तो बोलतो, तुम्ही मान डोलावता.

आणि माणसं. आमचा एक छोटा गट आहे, त्यात नवख्यांच्या नोंदी बघून देण्याचं काम माझ्याकडे असतं. नवा माणूस मृगातल्या काक्षी या लाल ताऱ्याची (बीटलज्यूसची) नोंद टाकतो आणि ती हमखास बाकीच्यांपेक्षा ठळक निघते. मी एवढंच विचारते, 'किती वेळ बघत होतात?' तो सांगतो, 'नीट, रोखून बघितलं की!' तिथेच घोळ. लाल ताऱ्याकडे टक लावली की तो डोळ्यांना आणखी ठळक भासत जातो, याला पुर्किंजे परिणाम म्हणतात. म्हणून झटकन नजर टाकायची, तुलनेच्या ताऱ्याकडे न्यायची, परत आणायची. हे पुस्तकातही असतं. पण स्वतःचा ठिपका आलेखात वर लटकत असताना कळलं की ते जन्मात विसरत नाही, त्याला कार्ड लागत नाही. (पानगळ, हलके घ्या.)

2019 च्या अखेरीस हाच काक्षी मंदावत गेला आणि फेब्रुवारी 2020 मध्ये 1.6 प्रतीच्या आसपास आला. नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं, मृगाचा चेहराच बदलला होता. गटात रोज वाद. फुटणार, नाही फुटणार, थंड डाग आहे, धूळ आहे. आर्काइव्ह (arXiv) या संकेतस्थळावर शोधनिबंध फुकट मिळतात, ते आम्ही वाटून घेऊन वाचायचो. आधी सारांश, मग आलेख, मग आलेखाखालच्या ओळी, मधली गणितं सरळ सोडून द्यायची. पुढे स्पष्ट झालं की ताऱ्याने स्वतःच बाहेर टाकलेल्या वायूची धूळ बनली आणि ती आपल्या दृष्टिरेषेत आली. तोवर धूळ कशी बनते, ती प्रकाश कसा अडवते, हे सगळं आमच्या वादावादीत येऊन गेलं होतं.

नोंदी कशात ठेवता म्हणाल तर वहीत. त्यानंतर संकेतस्थळावर. तिसरी जागा नाही.

---

खडूधूळ

ध्रुवमत्स्य यांचं अर्धं पटलं.

जिथे 'बघा आणि नोंदवा' चालतं तिथे हे झकास आहे. पण काही विषयांत पायऱ्या गाळता येत नाहीत. मी गणित शिकवतो. तिथे कुणी क्रम लावून दिलेला असणं ही चैन नाही, गरज आहे. एमआयटीने 2001 मध्ये अभ्यासक्रम खुले करायचं ठरवलं, तेव्हापासून गिल्बर्ट स्ट्रँग यांची रेषीय बीजगणिताची व्याख्यानं किती जणांना तारून गेली असतील! ती मधूनच उचलली तर हाती काही लागत नाही.

मात्र 'पुरा केलाच पाहिजे' हे ओझं टाका. 2011 मध्ये स्टॅनफर्डच्या थ्रन आणि नॉर्विग यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रम सगळ्यांना खुला केला, नावं घातली सुमारे 1 लाख 60 हजार जणांनी आणि तडीस नेला वीस हजारांच्या आसपास लोकांनी. उरलेले सगळे नापास म्हणायचे का? कुणाला तिसरा आठवडाच हवा असेल, तो घेऊन गेला.

आणखी एक. ज्याला आज 'मूक' (MOOC, म्हणजे हजारोंना खुला असलेला ऑनलाइन अभ्यासक्रम) म्हणतात तो प्रकार 2008 मध्ये या नावाने ओळखला गेला, तेव्हा त्याचा चेहरा वेगळा होता. सीमेन्स आणि डाउन्स यांनी मॅनिटोबा विद्यापीठात तो वर्ग घेतला. फी भरणारे 25, फुकट येऊन बसलेले 2,200 च्या वर. त्यात व्याख्यानापेक्षा एकमेकांचं लिखाण वाचणं आणि त्यावर बोलणं जास्त होतं. पुढच्या मोठ्या कंपन्यांनी व्हिडिओ आणि चाचण्या ठेवल्या, गप्पांची जागा मात्र कोपऱ्यात ढकलली. म्हणजे ध्रुवमत्स्य यांचा मुद्दा तिथेही होताच.

---

झटपट

एवढा खटाटोप कशाला? एआयला विचारा, दोन मिनिटांत सगळं समजावून सांगतं.

---

ध्रुवमत्स्य

सांगतं की. पुर्किंजे परिणाम माझ्यापेक्षा सुरेख समजावेल. पण काल रात्री तुमच्या डोक्यावर अल्गॉल किती प्रतीचा होता, हे त्याने बघितलेलं नाही, तरीही एखादा आकडा बिनदिक्कत ठोकून देईल. मी त्याला उलटं वापरते. 'मला प्रश्न विचार, उत्तर सांगू नकोस, मी चुकले तर फक्त इशारा दे.' असं केलं की गुणी बाळ. आकडे आणि तारखा मात्र मूळ ठिकाणी जाऊन बघायच्या.

खडूधूळ, गणिताचं मान्य. पण पायरी चढायची इच्छा कुठून आणायची, ते सांगा.

---

खडूधूळ

तेवढं सापडलं असतं तर अर्धा वर्ग झोपला नसता.

---

वळचण

एक छोटी भर. खगोलाच्या बातम्यांसाठी यूट्यूबच्या शिफारशींवर विसंबू नका. एकदा 'काक्षी फुटणार' बघितलंत की महिनाभर तेच समोर येत राहील. आवडीचे ब्लॉग आणि वेधशाळांची बातमीपत्रं आरएसएस वाचकात घाला, म्हणजे निवडलेल्या संकेतस्थळांवरचं नवं लिखाण एका जागी आणून देणाऱ्या ॲपमध्ये. गूगल रीडर 2013 मध्ये बंद झाल्यापासून लोकांना वाटतं आरएसएस संपलं, पण फीडली, इनोरीडर व्यवस्थित चालू आहेत. नवं काय ते तारखेवार येतं, वाचून झालं की यादी संपते. संपणारी यादी मिळणं हल्ली दुर्मिळ झालंय.

---

सांजवात

सगळ्यांचे आभार. अल्गॉलचा नकाशा काढून घेतला. एक भीती आहे, सांगूनच टाकतो. ती मोठी संघटना, शास्त्रज्ञ त्या नोंदी वापरतात. माझा चुकीचा आकडा त्यात गेला तर? हिशेबात चूक झाली की रात्री झोप न लागणारा माणूस मी. शिवाय घराभोवती दिवे, आकाश असं काळं कधी दिसतच नाही.

---

ध्रुवमत्स्य

त्याची सोय तिथे आहे. नोंदीसोबत शेरा द्यायला एकेका अक्षराचे संकेत असतात. आकड्याची खात्री नसेल तर 'झेड'. चंद्र किंवा दिव्यांमुळे आकाश उजळ असेल तर 'बी'. ढग, धूर, धुकं असेल तर 'यू'. तुम्ही हिशेबातले आहात, शेरा मारलेली नोंद आणि लपवलेली नोंद यातला फरक तुम्हाला मी काय सांगू? डोळ्यांनी केलेल्या नोंदींत दोन-तीन दशांशांचा फरक पडतोच, म्हणून तर एकाच ताऱ्याकडे इतकी माणसं बघतात.

आणि दिव्यांचं म्हणाल तर दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीचे तारे शहरातूनही दिसतात. मंदावल्यावर नाही सापडला तर द्विनेत्री आहेच.

एकट्याने जमतं का, असं विचारलं होतंत. अल्गॉलचा आवर्तकाल ज्याने 1783 मध्ये जगापुढे ठेवला तो जॉन गुडरिक विशीच्या आतला होता आणि त्याला ऐकू येत नव्हतं. त्याला त्याबद्दल कोपली पदकही मिळालं. पण तोही एकटा नव्हता. शेजारचा एडवर्ड पिगॉट तेच तारे बघायचा आणि दोघे नोंदी ताडून पाहायचे. तुम्हाला असा एक पिगॉट हवा. गटात मिळेल.

आता कामाचं. किमान तेजाच्या वेळा आधी काढून मिळतात, पण त्या वैश्विक वेळेत असतात, आपल्या घड्याळाचा फरक मिळवायला विसरू नका. स्टेलेरियम हा संगणकावर आकाश दाखवणारा प्रोग्राम उतरवून घ्या, फुकट आहे. त्यात वेळ टाकून ययाती तेव्हा पुरेसा वर आहे का ते बघा. मावळतीला टेकलेला असेल तर ती रात्र सोडा. किमान तेजाच्या वेळेच्या तीन तास आधीपासून दर अर्ध्या तासाला एक नोंद करा, आणि प्रत्येक वेळी मागचा आकडा झाकून ठेवा. तो दिसला की मन त्याच्याच आसपास आकडा लावतं. निरीक्षक म्हणून नाव घातलं की तुम्हाला एक संकेताक्षर मिळेल. पहिल्या रात्रीच्या नोंदी चढवण्याआधी इथे टाका, मी बघून देते.