नाईलकाठची जमीन खारवली कधी? धरणाआधी की धरणानंतर?

खालची_शीव:
एक गोष्ट जुळत नाहीये, जाणकारांनी सांगावी. ईजिप्तमध्ये पाऊस नावापुरता, ऊन रणरणतं, जमीन चिकण. अशा जागी कालव्याचं पाणी खेळवलं की मीठ वर येतं, मेसोपोटेमियात तेच झालं. मग नाईलकाठी हजारो वर्षं शेती टिकली कशी? आणि गेल्या शतकात तिथे लाखो एकरांत जमिनीखाली निचऱ्याच्या नळ्या पुरायची वेळ का आली? जो तो अस्वानच्या उंच धरणावर खापर फोडतो.

पाटकरी:
टिकली, कारण ते कालव्याचं बारमाही सिंचन नव्हतंच. नदीला समांतर एक बांध, त्याला काटकोनात वाळवंटाच्या कडेपर्यंत आडवे बांध, असे हजारो एकरांचे हौद पाडलेले असत. ऑगस्टच्या मध्यावर पूर चढला की चारीचं तोंड फोडायचं. हौदात एक-दीड मीटर पाणी 40 ते 60 दिवस उभं राहायचं, गाळ खाली बसायचा. ऑक्टोबरपासून नदी उतरू लागली की खालच्या अंगाने पाणी पुन्हा नदीत सोडायचं आणि ओल्या चिखलातच गहू, जव, बरसीम फेकून पेरायचं. त्यानंतर पाण्याची एकही पाळी नाही, पीक ओलीवरच यायचं.

खरी मेख पुढच्या महिन्यांत आहे. वसंतात काढणी झाली की पूर येईपर्यंत रान मोकळं. जमिनीला खोल भेगा पडत. त्याच काळात नदीची पातळी काही मीटर खाली गेलेली असे, म्हणून भूजलही तिच्याकडे ओढलं जाई. नवा पूर आला की पाणी भेगांतून खोल उतरायचं आणि वरचं मीठ धुऊन न्यायचं. नदी स्वतःच निचऱ्याचा चर होती!

फुकटचं मात्र काही नव्हतं. पूर कमी आला तर उंचावरचे हौद कोरडे, जास्त आला तर बांध फुटून गावं पाण्यात. कैरोजवळ रोडा बेटावर 861 साली बांधलेल्या मापनस्तंभावर पाणी 16 हात चढलं की मगच सारा लागू व्हायचा.

भेगाळ:
पाटकरींशी सहमत. खापराबद्दल बोलायचं तर घडी आधीच विस्कटली होती, आणि ती कापसाने विस्कटली. 1820 नंतर ईजिप्तचा शासक मुहम्मद अलीने लांब धाग्याचा कापूस लावायला घेतला. तो फेब्रुवारी-मार्चमध्ये लावायचा आणि सप्टेंबरपासून वेचायचा. म्हणजे पाणी हवं नदी आटलेली असताना, आणि पूर येतो तेव्हा पीक रानात उभं. त्यामुळे हौद बंद, बांध घालून पूर बाहेर, आणि उन्हाळ्याची खालची पातळी गाठायला खोल कालवे. ते दरवर्षी गाळाने भरायचे, उपसायला वेठबिगार. यावर तोड म्हणून त्रिभुज प्रदेशाच्या तोंडाशी बंधारा घातला. तो 1861 मध्ये उभा राहिला खरा, पण पायाला तडे गेले, आणि दुरुस्ती होऊन 1890 च्या सुमारास कुठे पूर्ण ताकदीने चालला. मग 1902 चं जुनं अस्वान धरण. ते पुराचं गढूळ पाणी 180 दारांतून जाऊ देई आणि नंतरचं निवळ पाणी अडवी. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कापसाचा उतारा घसरला, तेव्हाच वर आलेल्या भूजलाकडे बोट दाखवलं गेलं होतं. उंच धरण 1970 ला पुरं झालं. त्याने उरलेसुरले हौद संपवले, गाळ अडवला आणि जमिनीची उन्हाळी विश्रांती कायमची बंद केली.

मिठाचा हिशेब करून बघा. नाईलचं पाणी गोडं, लिटरला साधारण 250 मिलीग्रॅम क्षार. एकराला वर्षभरात एक मीटर पाणी दिलं तर 4000 घनमीटर, म्हणजे एक टन मीठ. पाणी उडून जातं, मीठ रानातच.

खालची_शीव:
टनाचा आकडा बघून चक्रावलो. नळ्या नेमक्या कशा टाकतात? सांगलीकडे क्षारपड जमिनीत सच्छिद्र पाइपला गाळणीचं कापड गुंडाळतात. तिकडेही तसंच?

चर_आणि_चोपण:
बहुतेक ठिकाणी नाही. चिकणमातीचं प्रमाण 30 टक्क्यांच्या वर असेल तर माती स्वतःला धरून राहते, कापडाशिवाय भागतं. पोयटा किंवा बारीक वाळू असेल तर मात्र कापड हवंच, नाहीतर नळी काही हंगामांत गाळाने भरते.

रचना दोन पातळ्यांची. शेतातली नळी 80 मिमी, खोली 1.2 ते 1.5 मीटर, दोन नळ्यांत अंतर जमिनीप्रमाणे 30 ते 60 मीटर. या नळ्या सुमारे अडीच मीटर खोल मुख्य नळीत उतरतात, ती उघड्या चरात सोडतात. निचरा दिवसाला 1 मिमीच्या आसपास धरतात. पूर्वी भाजक्या मातीच्या तुकड्यांची नळी असे, आता नालीदार पीव्हीसी. वाटेत तपासणीचे खड्डे ठेवतात, आणि बिघाड सुरू होतो तो तिथूनच.

भात हे त्याचं मुख्य कारण. भाताला पाणी तुंबलेलं हवं, म्हणून शेतकरी खड्ड्यात उतरून मुख्य नळीच्या तोंडात पेंढा आणि चिखल कोंबतो. त्याचं भात साधतं, पण त्याच नळीवर वरच्या अंगाला ज्याचा कापूस किंवा मका आहे त्याच्या मुळाशी पाणी चढतं. पेंढा पुढे सरकला तर सगळी ओळच चोंदते. यावरचा इलाज सोपा आहे: एकाच पिकाच्या गटाला वेगळी उपनळी आणि तिच्या तोंडाशी झडप. भाताच्या दिवसांत झडप बंद, बाकी उघडी. पण त्यासाठी गटाने एकच पीक लावायला हवं, आणि घोडं तिथेच अडतं. कोणतं पीक लावायचं हे सरकार सक्तीने ठरवायचं तेव्हा ते जमायचं.

पाटकरी:
वरून येणारं पाणी कमी करायचीही सोय होती. पोटचारीतली पातळी मुद्दाम शेताच्या खाली, अर्धा ते पाऊण मीटर ठेवत. पाणी सकिया रहाटाने उचलूनच घ्यावं लागे, त्यामुळे कोणी उगाच जास्त देत नसे. त्यावर पाळ्या: तीन गटांत 5 दिवस चालू, 10 दिवस बंद. डिझेलचे पंप आले आणि तो लगाम सैल झाला. वरचे लोक पाळीत भरपूर उपसतात, टेलच्या, म्हणजे चारीच्या शेवटच्या माणसाला चरातलं निचऱ्याचं खारट पाणी उचलावं लागतं. समुद्राजवळच्या उत्तर पट्ट्यात मात्र भात सरसकट बंद करता येत नाही. तिथे खालून समुद्राचं मीठ रेटतं, आणि वर उभं पाणी असेल तरच ते दबून राहतं.