अनुभव धागा: पुरस्कारामुळे ओळख झालेला पडद्यामागचा माणूस

सिनेमाइतकंच मला वेड त्याच्या पुरस्कारांच्या इतिहासाचं. पहिला फिल्मफेअर सोहळा २१ मार्च १९५४ ला मुंबईत, आपल्या मेट्रो थिएटरात झाला. विभाग पाचच: चित्रपट, दिग्दर्शक, नट, नटी आणि संगीतकार. बाकीचे सगळे अंधारात! एखाद्या पुरस्कारामुळे त्या अंधारातलं कुणी तुम्हाला दिसलं का? लिहा.

*गिरगावकर*
मला भानू अथय्या. १९८३ मध्ये ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी त्यांना जॉन मोलोंबरोबर ऑस्कर मिळालं. भारतीयाला मिळालेलं ते पहिलंच. आई शिवणकाम करायची. बातमी वाचून म्हणाली, “अगं, ही आपल्या कोल्हापूरची!” त्यानंतर दूरदर्शनवर भानूबाईंचीच वेशभूषा असलेला ‘साहिब बीबी और गुलाम’ लागला तेव्हा आई गोष्ट सोडून नायिका छोटी बहूच्या साड्याच बघत बसली. पदर कसा घेतलाय, ब्लाऊजची बाही कुठे संपते, सगळं मला दाखवत होती. सिनेमा बघायला मी तिथे शिकले. सगळे ऑस्करचंच नाव काढतात. ‘लेकिन’ आणि ‘लगान’साठी मिळालेले राष्ट्रीय पुरस्कार मला तितकेच मोलाचे वाटतात. ऑस्करची बाहुली नीट जपली जावी म्हणून २०१२ मध्ये त्यांनी ती अकादमीकडे परत सोपवली, हे वाचून मात्र जीव तुटला. आपलं पेडर रोडचं चित्रपट संग्रहालय उघडलं ते त्यानंतर सात वर्षांनी, २०१९ ला.

*पार्लेकर*
गायकांचं राहिलंच की. ‘चोरी चोरी’च्या संगीताला फिल्मफेअर मिळालं, तेव्हा समारंभात त्यातलं ‘रसिक बलमा’ गायला लताबाईंनी नकार दिला. गायकाला पुरस्कारच नाही, तर गायचं कशाला? १९५९ पासून विभाग सुरू झाला आणि पहिला मान त्यांनाच, ‘आजा रे परदेसी’साठी. बाईंचा हा ताठपणा मला त्यांच्या सुराइतकाच आवडतो.

*लालबागचा प्रेक्षक*
‘श्वास’ भारतमाता थिएटरला पाहिला. ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी मराठीला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. ऑस्करच्या प्रचाराला पैसे कमी पडत होते, म्हणून लोकांनी वर्गणी काढली. आमच्या चाळीतही डबा फिरला. नामांकन हुकलं, पण दिग्दर्शक संदीप सावंत हे नाव तेव्हापासून घरातलंच झालं.

*धागाकर्ती*
पार्लेकर, लताबाईंचं सुटलंच होतं माझ्याकडून, आभार. संकलक आणि ध्वनीवाले अजून कुणाच्याच लिहिण्यात आले नाहीत. ध्वनीसाठी ऑस्कर मिळवणाऱ्या रसूल पुकुट्टींवर कुणी लिहितंय का?