सहकुटुंब रत्नागिरी : तीन थाळ्या, पाच माणसं (अनुभव धागा)

हरिपूरची
सांगलीच्या विश्रामबागेत नवा बोर्ड लागलाय, 'अस्सल कोकणी थाळी'. काउंटरवर सोलकढीचे ग्लास मांडलेले, मिरवणुकीतल्या गुलालासारखे चटक गुलाबी. बघून अप्पांची मे महिन्यातली रत्नागिरी आठवली, म्हणून धागा काढते.

अप्पा साखर कारखान्यात. गळीत संपलं की रजा, रजा मिळाली की एसटी. कोल्हापूर, मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली. घाटात मला उलट्या, धाकट्याला गाणी. मिरकरवाड्याच्या अलीकडं एका घराच्या पडवीत खानावळ होती. सनमायकाची टेबलं, भिंतीला पतपेढीचं कॅलेंडर. अप्पा बसायच्या आधी उभ्यानंच विचारणार, "रस्सा परत मिळंल न्हवं?" मिळतो म्हटलं की पाच जणांत तीन थाळ्या आणि वर जादाचा भात. आई पिशवीतनं ज्वारीच्या भाकरी काढायची, पण आधी खानावळीच्या काकूंना विचारून. काकू म्हणायच्या, "खा हो, आणि एक मला पण द्या."

आमच्यात मासा म्हणजे कृष्णेतला, तोही तुकडे करून रस्स्यात. अख्खा बांगडा पुढ्यात आला की काय करायचं ते काकूंनी शिकवलं. पाठीवरनं बोटानं रेघ ओढायची, वरची बाजू सुटी करून बाजूला ठेवायची, मग शेपटीकडनं धरून मधला काटा सगळाच्या सगळा वर. धाकट्याला त्यातच मजा. तो काटे काढत बसायचा आणि खायचो आम्ही.

तुमच्याकडं काय पद्धत होती? महागाची हॉटेलं नकोत, आपल्यासारख्यांची सांगा.

कंदी पेढा
आम्ही सातारकर कराड, पाटण, कुंभार्ली घाट करत जाणार. निम्मी माणसं चिपळुणातच जेवून मोकळी 😀

एकदा पप्पांची रजा जूनमध्ये निघाली. त्यात यांत्रिक होड्या 1 जून ते 31 जुलै बंद, हे घाटावर कुणाला ठाऊक? हॉटेलवाल्यानं स्वतःहून सांगितलं, "सुरमई बर्फातली आहे, पोरांना नका देऊ. खाडीतले मासे सकाळचे आहेत, ते करून देतो." स्वस्तातलं घ्या म्हणणारा हॉटेलवाला पप्पांनी पहिल्यांदाच बघितला. पुढं कायम त्याच्याकडंच.

मिरजमळा
हरिपूरची ताई, हळद साठवायच्या पेवांच्या (जमिनीतल्या खड्ड्यांच्या) बाजूला का तुमचं घर? माझं आजोळ तिथलं.

हरिपूरची
अगं हो! 2005 च्या पुरात पेवांत पाणी शिरलं, हळद गेली, ते सगळं बघितलंय. पण ते इथं नको, वेगळा धागा काढ. माशांचं लिही.

मिरजमळा
माशांचं काय लिहू, आमच्यात गुरुवार, शनिवार, सोमवार, संकष्टी, श्रावण सोडून उरलेल्या दिवशी मासे 😂 सासूबाई कोकणात गेल्यावर सूट देतात, "समुद्राकाठी चालतंय" म्हणतात. कुठल्या पोथीत आहे, विचारायची टाप नाही.

भडंग आणि चहा
ऑफिसात बसून वाचतोय. डब्यात दोडका आहे. तुमचं भलं होवो.

पोळीभाजी
आम्ही शाकाहारी, इथं लिहिलं तर चालेल का?

गणपतीपुळ्याला घरगुती जेवण करणारी घरं असतात. सकाळी दर्शनाला जाताना माणसं सांगून ठेवायची, नाहीतर उकडीचे मोदक मिळत नाहीत. आयत्या वेळी गेलं तर वरणभात, बटाट्याची भाजी, लोणचं. मार्च-एप्रिलात ओल्या काजूची उसळ मिळाली तर बाकी कशाकडं बघू नये. सांगलीत ओले काजू घ्यायचे तर त्या पैशात महिन्याची भाजी येते.

आणि एक. त्या घरात पान वाढून झाल्यावर काकूंनी माझ्या आईला विचारलं, "तुम्ही अजून उभ्या का? बसा की." आई सवयीनं आम्हाला वाढायला उभी होती! बसली, पण निम्मं जेवण होईपर्यंत अवघडलेलीच होती.

वाईकर बुवा
वरच्या ताईंवरनं आठवलं. आमच्या लहानपणी इकडच्या हॉटेलांत 'फॅमिली रूम' असायची. पडदा लावलेली खोली, पंखा कटकट वाजणार, वेटर मेला तरी येत नाही. बाहेर पुरुष गप्पा हाणत मिसळ खाणार आणि आत बायका-पोरं पाण्याची वाट बघत. रत्नागिरीत पहिल्यांदा आई, आत्या, आज्जी सगळ्या बाहेरच्या टेबलावर रस्त्याकडं तोंड करून बसल्या. आज्जीनं डोक्यावरचा पदर काही सोडला नाही, पण तिसऱ्यांदा भात मागितला.

वडील मास्तर. जेवण झालं की थिबा पॅलेस. ब्रह्मदेशच्या राजाचं राज्य 1885 मध्ये कसं गेलं, इंग्रजांनी त्याला इथं कसं आणून ठेवलं, 1916 मध्ये तो इथंच कसा वारला. सुरमईवर भात झालेली पोरं उभ्या उभ्या पेंगायची. पुढं परीक्षेत ह्यातलं काहीही आलं नाही.

अजिंक्यतारा 77
सगळं गोड गोड चाललंय, मी मीठ टाकतो. मागच्या दिवाळीत समुद्रकिनाऱ्याच्या एका हॉटेलात गेलतो, नाव सांगत नाही. मेन्यूकार्डावर पापलेटपुढं किंमत नाही, 'साइजप्रमाणे'. पोरगी म्हणली पापलेट, घेतलं. बिल आलं ते बघून बायको म्हणली, ह्यात आपला गॅस आणि दूधवाला दोन्ही भागले असते. वाद घातला, उपयोग शून्य. साइजप्रमाणे लिहिलेलं असलं की मासा आधी ताटलीत आणून दाखवायला लावा आणि भाव बोलून घ्या. तळल्यावर बोलून काही होत नाही.

कंदी पेढा
दादा, बिलात सर्व्हिस चार्ज लावलेला का? तो आपोआप लावायचा नाही, अशा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या सूचना 2022 पासून आहेत. काढा म्हणायचं. जीएसटी साध्या हॉटेलात 5 टक्के. आणि कंपोझिशनवाला (छोट्या धंद्यांसाठीची ठोक कराची योजना घेतलेला) असेल तर त्याला गिऱ्हाइकाकडनं वेगळा जीएसटी घेताच येत नाही, बिलावर तसं छापलेलं असतं.

अजिंक्यतारा 77
सर्व्हिस चार्ज नव्हता हो, नुसतं पापलेटच होतं 😭

भडंग आणि चहा
खानावळीत 'साइजप्रमाणे' माणसाची बघायला पाहिजे. आमच्या मेव्हण्याला परवडणार नाही.

माहेर रत्नागिरी
मी उलटी केस. माहेर रत्नागिरी, सासर मिरज. वाचून एवढं हसले की कुकरच्या शिट्ट्या चुकल्या.

हरिपूरची ताई, ती सोलकढी पिऊ नका. आगळ (कोकमाचा खारवलेला रस) आणि नारळाचं दूध एकत्र आलं की रंग फिका येतो, किंचित जांभळट. चटक गुलाबी दिसली की रंगाचा संशय घ्यायचा. आणि घरी करताना आगळात मीठ असतंच, वरनं घालायच्या आधी चाखा. लसूण, हिरवी मिरची वाटूनच. कोथिंबीर वरून, असेल तर.

घाटावरच्या लोकांसाठी अजून एक: बांगड्याच्या आमटीत काळपट टपोरं फळ दिसलं तर ते तिरफळ. वासापुरतं असतं, बाजूला काढा. माझ्या दिरानं मिरी समजून कचकन चावलं आणि लग्नानंतरच्या पहिल्याच जेवणात जीभ बाहेर काढून बसला. बाबांना वाटलं, मासा बाधला.

आमचे बाबा इकडं आले की त्यांची तीच गत. तांबडा रस्सा पिताना घाम पुसतात आणि हळूच मला विचारतात, "ह्यांच्याकडं कढी नाही का गो?" पण कराड-इस्लामपूरकडचा अख्खा मसूर त्यांना भयंकर आवडला. परत जाताना मसूर घेऊन गेले. आईला तसा जमत नाही, मग फोनवर मला बोलणी.

मिरजमळा
ताई मिरजेत कुठं?? मी पण मिरजेत!

माहेर रत्नागिरी
ब्राह्मणपुरीत. या की.

वाईकर बुवा
आंबा घाट सध्या कसा आहे? चौपदरीकरणाचं काम चाललंय ना? शनिवारी निघायचा विचार आहे, बरोबर आई आहे, कंबर दुखते तिची.

माहेर रत्नागिरी
काम चालू आहे, काका. उजेडात घाट उतरा. आईंना पुढच्या सीटवर बसवा आणि साखरप्याला चहाला थांबा.

भाऊ रविवारी एसटीनं येतोय, आगळ आणायला सांगते. कुणाला हवंय? रिकामी बाटली आपापली आणायची, मागच्या वेळी माझे चार डबे गेले ते गेले.

मिरजमळा
एक लिटर माझं.

हरिपूरची
माझं दोन लिहा. पैसे आत्ता पाठवू का आल्यावर?

भडंग आणि चहा
आगळ नको, भावाला म्हणावं डब्यातनं तळलेले बांगडे आण.

माहेर रत्नागिरी
एसटीत शेजारचा उतरवील त्याला साखरप्यालाच 😂 ताई, पैसे आल्यावर.