मदत हवी आहे: पेटंटचा अर्ज राहिला, व्हिडिओ मात्र टाकून बसलो (शिवाय एका घराला डेटा पुसून हवाय)

नमस्कार मंडळी,

कायद्यातलं मला ओ की ठो कळत नाही, प्रश्न बाळबोध वाटले तर सांभाळून घ्या.

वडील दोनदा बाथरूममध्ये पडले. दुसऱ्या वेळी पाऊण तास तसेच पडून होते, कोणाला पत्ता नाही. तिथे कॅमेरा लावायचा प्रश्नच नव्हता, म्हणून ६० गिगाहर्ट्‌झच्या रडार मॉड्यूलवर एक डबी बनवली. माणूस खाली गेला हे रडारला कळतं, पण धपकन स्टुलावर बसला की पडला, यात ते गोंधळतं. माझी डबी उंची एकदम घटली की जमिनीलगत श्वासाची हालचाल शोधते. ती सापडली आणि तिथेच टिकली तरच घंटा वाजवते.

चार महिन्यांपूर्वी उत्साहाच्या भरात व्हिडिओ टाकला. व्हिडिओत नुसती डबी आणि घंटा आहे. पण खाली एकाने विचारलं, "बसणं आणि पडणं वेगळं कसं ओळखता?" आणि मी शहाण्यासारखी आकृतीसकट सगळी पद्धत लिहून दिली. आता मित्र म्हणतो, पेटंट गेलं. दुसरा म्हणतो, १२ महिन्यांची मुदत असते, निवांत राहा. खरं काय?

दुसरी भानगड. ओळखीच्या ११ घरांत चाचणी घेतली, सगळ्यांची सही घेतली. त्यातलं एक घर आता म्हणतंय, आमचा डेटा पुसा. फायलींवर नावं नाहीत, घ१, घ२ असे क्रमांक आहेत. मग तो वैयक्तिक डेटा कसा? आणि याच घराचा आलेख मी पेटंटच्या आकृतीत घालणार होतो, सगळ्यात स्वच्छ आलाय म्हणून.

– डबीवाला

उंटावरचा शहाणा: पेटंटचे मसुदे लिहिणं हाच माझा धंदा, त्यामुळे पहिल्या भागापुरतं बोलतो. दोन्ही मित्र अर्धे बरोबर आहेत. १२ महिन्यांचे दोन वेगवेगळे हिशोब असतात आणि लोक हमखास घोळ करतात. पेटंटविषयीच्या १८८३च्या पॅरिस करारातले १२ महिने पहिल्या अर्जापासून मोजतात: एका देशात अर्ज केलात की वर्षभरात दुसऱ्या देशात केलेल्या अर्जाला पहिली तारीख मिळते. तुमचा अर्जच नाही, मग ती मुदत सुरूच झालेली नाही. दुसरी सवलत म्हणजे संशोधकाने स्वतःच गुपित फोडल्यावर मिळणारा अवधी. अमेरिका आणि जपानमध्ये तो एक वर्षाचा आहे, म्हणजे तिथे तुम्हाला अजून वेळ आहे. युरोपात अशी सवलत जवळजवळ नाहीच. तिथे तुमची स्वतःची कॉमेंटच तुमच्या विरुद्ध पुरावा.

व्हिडिओने फारसं बिघडवलं नसतं. नुसती घंटा वाजताना पाहून जाणकाराला पद्धत उमगत नाही. घात केला तो उत्तराने.

त्या ११ घरांना पद्धत सांगितली होती का? सांगितली असेल तर गुप्ततेचं काही बोलणं झालं होतं का? आणि नोकरी करत असाल तर करारपत्र काढून वाचा. कित्येकदा शोधाचा मालक कंपनी निघते.

डबीवाला: घरांना फक्त "पडल्यावर वाजते" इतकंच सांगितलं होतं. नोकरी सोडून दोन वर्षं झाली. ती कॉमेंट उडवू का? आणि गेल्या महिन्यात पंख्याच्या पात्यांमुळे श्वासाचा भास होत होता, तो घोळ सोडवलाय. त्यात मी असं केलं की

उंटावरचा शहाणा: अहो थांबा! इथे नका लिहू. बरं झालं अर्ध्यात सुटलं. ती सुधारणा अजून कोणाला माहीत नाही, म्हणजे ती नवी आहे. मात्र नवेपणा पुरत नाही. तुमची जुनी कॉमेंट वाचलेल्या जाणकाराला ती सहज सुचण्यासारखी नसावी. सहज सुचणारी नसेल तर युरोपातही तिच्यावर अर्ज करता येईल. कॉमेंट उडवून उपयोग नाही, एकदा जाहीर झालं ते झालं. उलट तारखेसकट स्क्रीनशॉट ठेवा, अमेरिकेत "हे मीच जाहीर केलं, अमुक दिवशी" असं दाखवायला कामी येईल.

पाटीपेन्सिल: दुसऱ्या भागाचं मी सांगते. घ१ म्हणजे कोण, याची वही तुमच्याकडे आहे ना? मग तो डेटा वैयक्तिकच. श्वासाची नोंद आहे म्हणजे आरोग्याचाही मानला जाऊ शकतो आणि त्याचे नियम आणखी कडक. युरोपच्या जीडीपीआर या डेटा-संरक्षण कायद्यामध्ये संमती देणं जितकं सोपं तितकंच ती मागे घेणं सोपं हवं, आणि विनंतीला साधारण महिन्याभरात उत्तर द्यावं लागतं. दंडाची कमाल मर्यादा २ कोटी युरो किंवा जगभरच्या उलाढालीच्या ४ टक्के, यातली जी जास्त असेल ती. आकडा वाचून घाबरू नका. नियामकाच्या हातात ताकीद देणं, प्रक्रिया थांबवायला लावणं, डेटा पुसायला लावणं हेही असतं. तुमच्यासारख्याला खरा फटका त्या शेवटच्या दोन गोष्टींचा. २०२१ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांचं हित बघणारी सरकारी संस्था) 'एव्हर' हे फोटो ॲप चालवणाऱ्या एव्हरअल्बम कंपनीला नुसते फोटो नाही, तर त्यांवर शिकवलेली चेहरे ओळखणारी मॉडेल्ससुद्धा (डेटावरून शिकलेले प्रोग्राम) पुसायला लावली. तुमच्या डबीतलं मॉडेल या घरांच्या डेटावर शिकवलेलं असेल, तर पेटंट हातात आणि मॉडेल कचऱ्यात, असंही होऊ शकतं. त्या घराशिवाय मॉडेल पुन्हा शिकवून ठेवा, १० घरं उरतातच.

तो आलेख तर मुळीच घालू नका. अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो आणि मग कायमचा सगळ्यांसमोर राहतो, तिथून तो पुसून मिळणं जवळजवळ अशक्य. आकृतीला खरा माणूस लागतो कुठे? स्वतः जमिनीवर पडून काढा.

डबीवाला: दोघांचे खूप आभार. मसुदा लिहिणाऱ्याची वेळ घेतली आहे, आधी पंख्याची सुधारणा, मग अमेरिकेचं बघू. त्या घरी फोन करून सांगितलं, आठवड्यात पुसतो. लॅपटॉपवरचं पुसलं, क्लाउडवरचं पुसलं, आणि मग खणातून जुनी हार्डडिस्क निघाली. तिच्यात सगळी घरं आहेत, आणि घ१ पासूनची नावांची वहीसुद्धा, फोटो काढून ठेवलेली.