शब्दचर्चा : लहान मुलांना ‘मेमरी’ सांगताना आठवण, स्मृती की साठवण?

प्रश्न

तिसरी-चौथीच्या मुलांना रविवारी संगणकाची ओळख करून देते. परवा ‘संगणकाला आठवण असते’ असं सांगितलं. एका मुलीने लगेच विचारलं, “मग त्याला आजीची आठवण येते का?” तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. मराठीत आठवण ‘येते’, न बोलावता येते. संगणकात न बोलावता काहीच येत नाही. पुस्तकांत ‘स्मृती’ असतं, पण या वयाच्या मुलांच्या कानावर तो शब्द एखाद्या मावशीचं नाव म्हणूनच पडलेला असतो. तुम्ही काय शब्द वापराल?

प्रतिसाद १

ताई, ‘साठवण’ म्हणा. हा शब्द पर्याय म्हणून शोधून काढलेला नाही, मूळ कल्पनाच ती आहे. इंग्रज गणितज्ञ चार्ल्स बॅबेज यांनी १८३७ च्या सुमारास आकडेमोडीच्या ज्या यंत्राचा आराखडा केला, त्यात आकडे ठेवायच्या जागेला ‘स्टोअर’ आणि आकडेमोड करणाऱ्या भागाला ‘मिल’ म्हटलं होतं. म्हणजे कोठार आणि गिरणी! मुलांना दळण माहीत असतं. डब्यातून गहू काढले, गिरणीत नेले, पीठ परत डब्यात. ‘मेमरी’ रुळला तो गणितज्ञ फॉन नॉयमन यांनी एडव्हॅक या सुरुवातीच्या संगणकाबद्दल १९४५ मध्ये लिहिलेल्या अहवालानंतर. त्यात यंत्राच्या भागांची तुलना मेंदूतल्या चेतापेशींशी केली होती. इंग्लंडमधली मंडळी त्यानंतरही बरीच वर्षं ‘स्टोअर’च म्हणत.

प्रतिसाद २

कोठार-गिरणी फार आवडलं. पण साठवणीचं म्हटलं की पापड, कुरडया, लोणचं, वर्षभर टिकणारं डोळ्यापुढे येतं. हार्डडिस्कला किंवा पेनड्राइव्हला ते शोभतं. रॅमला, म्हणजे काम चालू असताना संगणक वापरतो त्या तात्पुरत्या जागेला, नाही, कारण वीज गेली की रॅम रिकामी. त्यामुळे एकच शब्द दोघांना लावला की मुलं गोंधळणार. मोठेही गोंधळतातच: फोनमध्ये फोटो मावेनासे झाले की आपण ‘मेमरी फुल झाली’ म्हणतो, आणि भरलेलं असतं स्टोरेज. मी माझ्या भाच्याला ‘पाटी आणि वही’ असं सांगितलं. गणित पाटीवर सोडवायचं, ठेवायचं ते वहीत उतरवायचं. पाटी लहान, पण हाताशी. वही मोठी, पण दप्तरातून काढावी लागते. ‘सेव्ह कर’ म्हणजे ‘वहीत उतरव’ हे त्याला न सांगता कळलं.

आणखी एक. गहू गिरणीत नेले की डबा रिकामा होतो. संगणकातला आकडा नुसता वाचल्याने जात नाही. पाटीवरचंही वाचल्याने जात नाही. म्हणून क्रियापद ‘काढणं’ नको, ‘वाचणं’ हवं.

प्रतिसाद ३

पाटी चांगली, पण पाटीवरचं वीज गेल्यावर पुसलं जात नाही. इथे शब्दापेक्षा खेळ उपयोगी पडतो. आठ मुलांना ओळीत बसवा. बसलेलं मूल ०, उभं १. प्रत्येकाच्या हातात कागद: १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १. उभ्या मुलांची बेरीज करायची. ६४ वाला आणि १ वाला उभे राहिले की ६५, आणि संगणक ६५ हा आकडा इंग्रजी मोठ्या ‘ए’साठी वापरतो. एक मूल म्हणजे एक बिट, आठ जणांची ओळ म्हणजे एक बाइट. दुसरी ओळ केली की ओळींना क्रमांक द्या. तो त्या ओळीचा ‘पत्ता’. हा शब्द मुलांना समजावावा लागत नाही. मग दिवा बंद करा: सगळे खाली. ही रॅम.

माझा सगळ्यात आवडता भाग पुढचा आहे. आपल्या संगणकातल्या रॅममध्ये प्रत्येक बिट म्हणजे इवलासा विद्युतभार असतो, आणि तो गळत राहतो. म्हणून वीज चालू असतानाही तो सतत पुन्हा भरावा लागतो, साधारण दर ६४ मिलिसेकंदांच्या आत एकदा. खेळात उभी मुलं दमून वाकू लागतात, तेव्हा बाईंनी ओळीवरून नजर फिरवून म्हणायचं, “उभे होते ते ताठ!” याला मराठीत नेमका शब्द आहे: घोकणं. पाढे घोकले नाहीत तर जातात, तसंच. इथे मात्र माणसाची उपमा खरी ठरते.

प्रश्नकर्तीचं उत्तर

सगळ्यांचे मनापासून आभार. ‘मेमरी’ हा शब्द तसाच ठेवते. घरात तोच ऐकू येतो. ‘आठवण’ आजीसाठी राखून ठेवू. सांगताना मात्र पाटी, वही, पत्ता, घोकणं, आणि ‘वाचणं-लिहिणं’ ही दोनच क्रियापदं.

आज आठ जणांचा खेळ घेतला. ‘ए’ उभा राहिल्यावर मुलं म्हणाली, आता ‘क’ करू. अक्षरं आकड्यांत लिहिण्याच्या, इंटरनेटवर सर्रास चालणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत आपल्या एका ‘क’ला तीन बाइट लागतात, म्हणजे २४ जण. आमच्याकडे मुलं १९ आहेत. पुढच्या रविवारी पाच पालकांना ओळीत बसायला बोलावलंय.