सिनेटर बर्ड यांची नियमांवरची हुकमत: कामाची की अडवणुकीची?

मुळशीकर
मागच्या महिन्यात वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्रीन बँकला गेलो होतो. शंभर मीटर व्यासाची, हवी तशी वळवता येणारी रेडिओ दुर्बीण आहे तिथे. नारायणगावजवळ खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण पाहिलेली, म्हणून मुद्दाम वाट वाकडी केली. दुर्बिणीला नाव मात्र शास्त्रज्ञाचं नाही, सिनेटरचं: रॉबर्ट सी. बर्ड. तिथली जुनी दुर्बीण १९८८ मध्ये कोसळली आणि नवीसाठी यांनी केंद्राचा पैसा खेचून आणला. त्या राज्यात रस्ते, पूल, इमारती, जिकडे बघाल तिकडे हेच नाव.

बर्ड १९५९ पासून २०१० मध्ये मृत्यू होईपर्यंत सिनेटमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहात होते. माझं म्हणणं असं की त्यांचं खरं काम या पाट्यांवर नाही, नियमांच्या पुस्तकात आहे. शंभर जणांच्या सिनेटमध्ये चर्चा बंद करायला सहसा ६० मतं लागतात. 'रिकन्सिलिएशन' नावाच्या अर्थसंकल्पी विधेयकाला मात्र साधं बहुमत पुरतं. म्हणजे पळवाट तयारच; जो तो आपलं आवडतं कलम त्यात कोंबणार. १९८५ च्या 'बर्ड नियमा'ने तिला दार बसवलं. पैशाच्या हिशोबाशी संबंध नसलेल्या कलमावर कुणीही सदस्य हरकतीचा मुद्दा घेऊ शकतो. ६० मतं मिळाली नाहीत तर ते कलम गळतं. १९९३ मध्ये क्लिंटन यांना आरोग्य योजना याच वाटेने न्यायची होती. राष्ट्राध्यक्ष स्वतःच्या पक्षाचे, तरी बर्ड नाही म्हणाले. भाषणं लोक विसरतात, नियम उरतो. पटत नसेल तर बोला.

धोपटमार्गी
नाही पटत. ९ जून १९६४ ची संध्याकाळ कशी विसरलात? नागरी हक्क विधेयक रोखायला हेच बर्ड उभे राहिले ते दुसऱ्या दिवशी सकाळीच बसले. १४ तास १३ मिनिटं! कृष्णवर्णीयांना हॉटेलात, नोकरीत बरोबरीने वागवा, एवढं सांगणारा कायदा होऊ नये म्हणून. त्याआधी १९४० च्या दशकात याच गृहस्थांनी कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या संघटनेची स्थानिक शाखा उभी केली होती. ते खाली बसले आणि त्याच दिवशी ७१ विरुद्ध २९ मतांनी चर्चा बंद झाली. नियमांचं प्रेम तेव्हा कुणासाठी होतं?

मुळशीकर
त्यातलं काहीच नाकारत नाही. क्लॅनबद्दल आणि त्या मताबद्दल त्यांनी पुढे जाहीरपणे खेद व्यक्त केला, अनेकदा. मी माणसाला ओवाळायला बसलेलो नाही, संसदीय कामाबद्दल बोलतोय.

नीलमोहर
मग संसदीय कामावरच बोलू. १४ तासांचं भाषण निदान उघड होतं, पायावर उभं राहून केलेलं. खरं नुकसान १९७० च्या दशकात झालं आणि तिथे बर्ड आतल्या गोटात होते. बहुमताचे नेते मॅन्सफील्ड, प्रतोद बर्ड. तोवर एखाद्याने फिलिबस्टर लावला, म्हणजे मतदान होऊ नये म्हणून बोलत राहिला, की सगळं सभागृह ठप्प व्हायचं, त्यामुळे अडवणाऱ्यावरही दडपण यायचं. या दोघांनी 'दोन रुळां'ची पद्धत आणली: अडलेलं विधेयक एका रुळावर, बाकीचं काम दुसऱ्यावर. ऐकायला किती शहाणपणाचं! प्रत्यक्षात उपोषणाला बसलेल्याला मागच्या दाराने डबा पोचवण्याची सोय झाली. आता बोलावंही लागत नाही, 'मी अडवीन' एवढा निरोप पुरतो. आज जे उठसूट ६० मतांचं तुणतुणं ऐकू येतं, त्याचा एक खुंटा बर्ड यांचा आहे.

आणि तुमचा लाडका बर्ड नियम? २०२१ मध्ये ताशी १५ डॉलर किमान वेतनाचं कलम सिनेटच्या नियम-सल्लागारांनी याच नियमाखाली बाहेर काढायला लावलं. बर्ड जाऊन दहा वर्षं उलटली होती.

रेवदंडेकर
ते कलम बाहेर गेलं याचं मलाही वाईट वाटतं, पण दोष नियमाचा नाही. आपल्याकडे असं दार नसलं की काय होतं ते बघा. आधारचा कायदा २०१६ मध्ये धन विधेयक म्हणून आणला, ज्यात राज्यसभेला फक्त दुरुस्त्या सुचवता येतात. राज्यसभेने सुचवलेल्या दुरुस्त्या लोकसभेने बाजूला सारल्या, विषय मिटला. धन विधेयक कुठलं हे अनुच्छेद ११० प्रमाणे लोकसभेचे अध्यक्ष ठरवतात. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, २०१८ मध्ये बहुमताने शिक्का कायम राहिला, न्या. चंद्रचूड एकटे विरोधात. राज्यसभेतल्या एखाद्या सदस्याला उठून 'हे कलम पैशाचं नाही, काढा' म्हणता आलं असतं तर? मला तरी बर्ड नियमाचा हेवा वाटतो.

खट्याळकाका
रेवदंडेकर, हेवा करायचा तर घरच्याचा करा की. समाजवादी खासदार मधू लिमये! पुण्यात जन्मले, निवडून आले बिहारातल्या मुंगेर आणि बांक्यातून. नियमांचं पुस्तक यांनाही पाठ, हक्कभंगाची सूचना दिली की मंत्र्यांना घाम. आणीबाणीत लोकसभेची मुदत वाढवली तेव्हा 'आम्हाला लोकांनी पाच वर्षांसाठीच पाठवलंय' या मुद्द्यावर तुरुंगातून राजीनामा दिला. सरकारला उत्तर द्यायला लावणारा नियमपंडित वेगळा आणि सभागृहाच्या किल्ल्या कमरेला लावून फिरणारा वेगळा.

(बर्ड नियमाने गळालेल्या कलमांना तिकडे 'पक्ष्याची शीट' म्हणतात, हे मुळशीकरांनी सभ्यपणे गाळलं. आडनावावर कोटी आहे ती.)

नीलमोहर
काका, किल्ल्यांवरून आठवलं. १९७७ मध्ये नैसर्गिक वायूच्या दरनियंत्रणावरून दोन सिनेटरांनी दुरुस्त्यांचा ढीग लावून सभागृह अडवलं. दोघंही बर्ड यांच्याच पक्षाचे. तेव्हा बर्ड बहुमताचे नेते. त्यांनी स्वतः एकेक दुरुस्ती पुकारायची आणि पीठावर बसलेले उपराष्ट्राध्यक्ष मॉन्डेल यांनी ती नियमबाह्य ठरवायची, असं धडाधड चाललं. अडवणूक मोडून काढली. म्हणजे १९६४ ला अडवणूक पवित्र, १९७७ ला उपद्रव. याला तत्त्व म्हणायचं की खुर्ची?

मुळशीकर
खुर्चीचा भाग आहेच. पण मग २००३ चं काय कराल? इराकवर हल्ला व्हायला महिनाभर राहिला होता. १२ फेब्रुवारीला पंचाऐंशी वर्षांचे बर्ड उभे राहिले आणि विचारलं, हे सभागृह एवढं गप्प का? युद्ध दारात आहे आणि इथे वादसुद्धा नाही! तेव्हा ते ना बहुमतात, ना नेतेपदावर. ते भाषण आजही लोक शोधून ऐकतात.

धोपटमार्गी
मुळशीकर, वर स्वतःच लिहिलंत की भाषणं लोक विसरतात! शिवाय युद्धाचा अधिकार ऑक्टोबर २००२ मध्येच ७७ विरुद्ध २३ ने देऊन झाला होता. तेव्हाही त्यांनी विरोधात मत दिलं, तो मान त्यांचा. पण एवढा नियमांचा बादशहा, त्याला ते मतदान अडवता आलं नाही. किमान वेतन मात्र मेल्यावरही अडवलं.

मुळशीकर
पकडलंत. 'भाषणं विसरतात' हे वाक्य मागे घेतो. दोन रुळांबद्दल मला माहीत होतं, पण डब्याच्या उपमेने गोची केली. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. बर्ड नियमाबद्दल मात्र रेवदंडेकरांच्या बाजूने ठाम आहे. बहुमत उद्या कुणाचंही असेल.

खट्याळकाका
एक राहिलंच. फेब्रुवारी १९८८: निवडणूक खर्चाच्या विधेयकावर गणपूर्ती होऊ नये म्हणून रिपब्लिकन सदस्य लपून बसले. बर्ड यांनी अटक करून आणण्याचा हुकूम काढायला लावला. पॅकवूड नावाचे सिनेटर कार्यालयाचं दार आतून अडवून बसले होते, त्यांना उचलून आणलं, पाय पुढे करून. एवढं करून विधेयक काही मंजूर झालं नाही.